पूररेषा आखायची तर आधी अख्ख्या राज्याची उंची एकदाच मोजा

गंगथडीकर
सप्टेंबर २०२५ च्या पुराचं पाणी ओसरल्यावर आमच्याकडं, मराठवाड्यात गोदावरीकाठी, पंचनामे सुरू झाले आणि पहिला वाद हाच निघाला: पाणी नेमकं कुठपर्यंत आलं होतं? शेतकरी बाभळीच्या फांदीत डोक्याच्या वर अडकलेला काडीकचरा दाखवत होता. पंचनामा करणारा म्हणत होता, हा गट नदीपासून लांब आहे, इथं पाणी येईलच कसं? दोघांच्या हातात उंची दाखवणारा एकही कागद नव्हता.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. राज्यानं विमानातून लायडार सर्वेक्षण करून सगळ्या नदीखोऱ्यांची जमिनीची उंची एकाच मोहिमेत मोजावी आणि त्यावरून पूरक्षेत्राचे नकाशे गट नंबरासह खुले करावेत. लायडारमध्ये विमानातून लेसरचे झोत सोडतात, ते जमिनीला लागून परत यायला किती वेळ लागतो त्यावरून उंची काढतात. झाडं-घरं गाळून उघड्या जमिनीचा नकाशा मिळतो आणि मोकळ्या सपाट जमिनीवर चूक साधारण १०-१५ सेंटिमीटरच्या आत राहते. फुकट मिळणाऱ्या उपग्रहाच्या उंची-नकाशात ३० मीटरच्या चौकोनाला एकच उंची असते आणि ती काही मीटरनं चुकू शकते.

आपल्याकडं नियम नाहीत असं नाही. १९८९ च्या पाटबंधारे खात्याच्या परिपत्रकापासून निळी रेषा (सरासरी २५ वर्षांत एकदा येणारा पूर) आणि लाल रेषा (१०० वर्षांत एकदा येणारा) आहे. निळीच्या आत बांधकाम निषिद्ध, दोन्हींच्या मध्ये नियंत्रित. पण रेषा आखली जाते ती जिथं शहराचा विकास आराखडा किंवा एखादा प्रकल्प येतो तिथं. शहराची हद्द संपली की रेषाही संपते, पाणी मात्र पुढच्या गावात जातं.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात १९९९ च्या फ्लॉइड वादळानंतर जुने पूरनकाशे किती कुचकामी आहेत ते उघडं पडलं. तिथल्या राज्य सरकारनं २००० मध्ये केंद्रीय यंत्रणेशी करार करून नकाशांची जबाबदारी स्वतःकडं घेतली, राज्यभर लायडार उडवलं आणि सगळ्या १०० काउंट्यांचे नकाशे एका छत्राखाली आणले. आपण तसं का करू नये?

सिंदफणाकाठ
दादा, तुमचा हेतू चांगला आहे, पण रेषा कुणाच्या सातबाऱ्यावर पडणार ते बोला की. आमची सगळी जमीन काठावरची. उद्या नकाशावर निळा रंग आला की गिऱ्हाईक भाव पाडून मागणार, बँक कर्ज देताना नाक मुरडणार, आणि पूर आला की साहेब म्हणणार, तुम्ही तर पूररेषेतच होता, भरपाई कशाची? सोयाबीन गेलं ते एका हंगामाचं. जमीन खरडून गेली ती कायमची. त्यावर वर ही रेषा.

आणि ड्रोनवाले गावठाण मोजायला येऊन गेले की. परत मोजायचं कशासाठी?

गंगथडीकर
ड्रोनची मोजणी झाली ती स्वामित्व योजनेत, घरांच्या मिळकत पत्रिकेसाठी. ती गावठाणापुरतीच. फोटोवरून केलेल्या मोजणीत छताची आणि झाडाच्या शेंड्याची उंची मिळते, खालच्या जमिनीची मिळेलच असं नाही. नदी, नाले, शिवार त्यात आलंच नाही.

भरपाईचा मुद्दा मात्र खरा आहे आणि मी तो टाळत नाही. नकाशा भरपाई नाकारायला वापरायचा नाही, हे मोहिमेच्या शासन निर्णयातच लिहून घ्यायला हवं.

निवृत्त उपअभियंता
मी आयुष्यभर आरएल (ठरलेल्या खुणेपासून मोजलेली उंची) आणि एफआरएल (धरण पूर्ण भरल्यावरची पाण्याची पातळी) बघत आलो. मला या प्रस्तावाची घाई पटत नाही. कारणं देतो.

पूरक्षेत्र काढायला तीन गोष्टी लागतात: पाणी किती येणार, नदीच्या पात्राचा आकार कसा आहे, आणि आजूबाजूची जमीन किती उंच आहे. लायडार फक्त तिसरी देतं. नेहमीचा लेसर गढूळ पाण्यातून तळापर्यंत पोचत नाही, त्यामुळं गोदावरीत बंधाऱ्यांच्या फुगवट्यात बारमाही पाणी असतं तिथं बोट आणि इको साउंडर (आवाजाच्या लहरींनी खोली मोजणारं यंत्र) घेऊन पात्राचे आडवे छेद, म्हणजे या काठापासून त्या काठापर्यंतचा तळाचा आकार, मोजावेच लागतात. पाणी किती येणार हे ठरवायला लांब पल्ल्याच्या नोंदी लागतात, आणि मराठवाड्यातल्या लहान नद्यांवर त्या कुठं आहेत? बिंदुसरा, वाण, बाणगंगा यांवर किती ठिकाणी वर्षानुवर्षं पाण्याची पातळी मोजली गेली आहे? विसर्गाचा आकडाच चुकीचा घातला तर दहा सेंटिमीटर अचूक जमिनीवर चुकीचीच रेषा येईल, फक्त ती फार सुबक दिसेल आणि कोर्टात तिच्याशी भांडता येणार नाही.

दुसरं, ऊस. उन्हाळ्यात रान मोकळं असतं म्हणून एप्रिल-मे मध्ये उड्डाण करायचं म्हणाल. सोयाबीन, तूर, कापूस तोवर निघालेले असतात, कबूल. पण खोडव्याचा आणि आडसालीचा ऊस उभाच असतो, आणि तो नेमका नदीकाठी. दाट उसातून लेसरचे फार कमी झोत जमिनीला पोचतात. तिथं उंची एक-दोन हातांनी जास्त दिसली तर तुम्ही पूरक्षेत्रच आक्रसून टाकाल.

आधी प्रवाहमापन केंद्रं वाढवा, आडवे छेद मोजा. विमान नंतर.

गंगथडीकर
साहेब, छेद आणि प्रवाहमापन हवंच, यात वाद नाही. पण "नंतर" हा शब्द मला मान्य नाही. प्रवाहाच्या नोंदी जमायला २०-३० वर्षं लागतात. जमीन आज मोजली तर पुढं विसर्गाचा आकडा सुधारला की तीच उंची वापरून रेषा पुन्हा काढता येते.

आणि आपल्याकडं उंचीची चूक किती महागात पडते ते बघा. गंगथडीची, म्हणजे गोदावरीकाठची, जमीन सपाट. काठापासून आत ३०० मीटरला एक मीटर चढ धरला, तर उंचीतली एक मीटरची चूक म्हणजे रेषा ३०० मीटर इकडं-तिकडं. उपग्रहाच्या नकाशात तीन मीटरची चूक निघाली तर जवळपास एक किलोमीटर. तेवढ्यात अख्खं गाव आत जातं किंवा बाहेर राहतं. डोंगराळ भागात हे एवढं जाणवत नाही, आमच्याकडं जाणवतं. शिवाय २०२२ च्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणात २०३० पर्यंत सपाट भागात २५ सेंटिमीटर अचूकतेचा उंची-नकाशा करायचं लिहिलेलंच आहे.

उसाचं म्हणणं मान्य. दाट उसाचे पट्टे नकाशावर "अनिश्चित" म्हणून वेगळे दाखवावेत, तोडणीनंतर तेवढेच जमिनीवरून मोजावेत.

बिंदुसरा
बीडकर म्हणून लिहिते. जुलै १९८९ मध्ये बिंदुसरेला आलेला पूर आमच्या घरातली मोठी माणसं अजून सांगतात. शहरातून वाहणारी छोटी नदी, एरवी कोरडीठाक, आणि एका रात्रीत वस्त्या गेल्या. त्यानंतर नदीकाठी बांधकाम थांबलं का? गुंठेवारीत प्लॉट पडले, विकले गेले. घेणारा ऊसतोडीला जाऊन पैसे साठवणारा, त्याला कुणी नकाशा दाखवला नाही.

सिंदफणाकाठ, तुमच्या जमिनीचा भाव पडेल ही काळजी मला कळते. पण रेषा नसल्यानं कुणाचं भलं होतं? विकणाऱ्याचं. घेणारा तीस वर्षांचं घरकर्ज काढतो. "शंभर वर्षांत एकदा" ऐकून त्याला वाटतं आपल्या हयातीत येणार नाही. हिशेब केला तर दरवर्षी एक टक्का शक्यता म्हणजे तीस वर्षांत एकदा तरी पूर यायची शक्यता २६ टक्के, चारातली एक. निळ्या रेषेवरच्या घराला २५ वर्षांत ती ६४ टक्के होते. हे प्लॉटच्या खरेदीखतावर छापायला पाहिजे.

लेंडीकाठची
तुम्ही सगळे रेषेवर भांडताय. आमच्या मुखेड तालुक्यात ऑगस्ट २०२५ मध्ये हसनाळ, रावणगाव भागात रातोरात पाणी चढलं, माणसं गेली, जनावरं दावणीला मेली. त्या रात्री २५ वर्षांची रेषा कुणाला उपयोगाची होती? माणसाला एकच कळायला हवं होतं: पाणी आपल्या घरापर्यंत येणार का, आणि किती वाजता.

पावसाळ्यात निरोप काय येतो? "इतके हजार क्युसेक (सेकंदाला इतके घनफूट) विसर्ग, नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे." माझ्या सासूबाईंना क्युसेक म्हणजे काय सांगू? लायडार उडवायचं असेल तर त्यातून असा नकाशा काढा की पैठणहून ५० हजार सोडले तर अमुक गावात पाणी कुठवर, एक लाख सोडले तर मारुतीच्या पारापर्यंत, दोन लाख सोडले तर शाळेच्या पायऱ्यांपर्यंत. प्रत्येक गावाचा वेगळा. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवा. तशी मोहीम असेल तर माझा पाठिंबा. नुसती निळी-लाल रेषा काढून फाईल बंद होणार असेल तर पैसे पुनर्वसनाला द्या.

निवृत्त उपअभियंता
ताई, हे मला एकदम पटलं. विसर्गनिहाय नकाशासाठी मात्र जमिनीची उंची चांगली लागतेच, तेव्हा माझा "विमान नंतर" हा आग्रह मी सैल करतो. प्रवाहमापनावरचा आग्रह सोडत नाही.

यात समन्वय कुठं अडेल तेही सांगतो, कारण तिथंच अशा मोहिमा बारगळतात. गोदावरीला पूर असतो तेव्हा सिंदफणेचं पाणी मंजरथच्या संगमाशी तुंबून मागं चढतं. पाऊस थांबला तरी तिथं पाणी वाढत राहतं. म्हणजे दोन नद्यांचे नकाशे दोन वेगळ्या निविदांत काढले तर संगमावरच ते जुळणार नाहीत. धाराशिव जिल्ह्यात परांड्याची सीना भीमेच्या खोऱ्यात, तेरणा मांजरेतून गोदावरीच्या खोऱ्यात. जिल्हाधिकारी एक, खोरी दोन. धर्माबाद-बिलोलीकडं खालून तेलंगणातल्या पोचमपाड धरणाचा फुगवटा (धरणामुळं मागं तुंबलेलं पाणी). तिथला नकाशा राज्याच्या हद्दीवर थांबवून कसं चालेल?

शिवाय पूल आणि कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. बंधाऱ्याच्या फळ्या पावसाळ्याआधी काढल्या नाहीत तर पात्र गच्च होतं आणि पाणी बाजूच्या रानातून वाट काढतं. विमानाला पुलाचा कठडा दिसतो, खालचा गाळा (दोन खांबांमधली वाट) किती मोकळा आहे ते दिसत नाही. ती मोजणी माणसानं जाऊनच करायची. नालाखोलीकरणात काठावर टाकलेले मातीचे ढीग मात्र लायडारमध्ये चांगले दिसतील. कितीतरी ठिकाणी त्या ढिगांनीच शेतातलं पाणी नाल्यात जाऊ दिलं नाही.

हे सगळं जलसंपदा, भूमी अभिलेख, सर्व्हे ऑफ इंडिया आणि नागपूरचं सुदूर संवेदन केंद्र यांनी वेगवेगळं केलं तर चार नकाशे होतील. उंची समुद्रसपाटीच्या एकाच संदर्भावरून हवी. कितीतरी जुन्या धरणांचे आरएल स्थानिक खुणेवरून धरलेले आहेत, ते आधी जुळवून घ्यावे लागतील. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते न करता विमान उडवू नका.

गंगथडीकर
मान्य. मग मागणी अशी मांडू: पहिल्या टप्प्यात गोदावरी पैठण ते राज्याची हद्द, सोबत सिंदफणा, पूर्णा, मांजरा त्यांच्या संगमासह. आधी विसर्गनिहाय गावनकाशे, ते ग्रामसभेत वाचून दाखवायचे, लोकांनी सांगितलेल्या २००६ आणि २०२५ च्या पुराच्या खुणांशी ताडून बघायचे. कायदेशीर रेषा त्यानंतर.

सिंदफणाकाठ
गावनकाशाला माझी ना नाही. आमच्या शाळेच्या भिंतीवर पाण्याची खूण अजून आहे, मोजायला येणाऱ्याला मी स्वतः दाखवीन.

पण रेषा सातबाऱ्याच्या इतर हक्कात चढवायला माझा विरोध कायम आहे. केंद्राचा पूरक्षेत्र नियमनाचा नमुना कायदा १९७५ पासून पडून आहे, आणि माझ्या माहितीत एकाही मोठ्या राज्यानं तो नीट राबवला नाही. का, याचा विचार करा. काठावरच्या माणसाला तुम्ही सांगता, इथं बांधू नको. ठीक. मग तो बांधणार कुठं? गावठाणाच्या वाढीसाठी उंचावरची जागा आधी ठरवा, ती त्याच नकाशावर दाखवा. वस्ती हलवायची नसेल तर निदान जनावरं न्यायला रस्ता दाखवा. खाली निळा रंग आणि वर काहीच नाही, असा नकाशा ग्रामसभेत आणला तर मी पहिला हात वर करून विरोध करीन.