एलन डोनन किल्ल्याला मध्ययुगीन म्हणावे का?

मूळ मत
स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर तीन खाड्यांच्या संगमातील बेटावर उभा असलेला एलन डोनन आपल्यापैकी अनेकांना हिंदी चित्रपटगीतातून परिचित आहे. तेराव्या शतकातील म्हणून आपण ज्या किल्ल्याकडे पाहतो, त्याचे बहुतेक बांधकाम १९१९ ते १९३२ या काळातील आहे. १० मे १७१९ रोजी ब्रिटिश युद्धनौकांनी जॅकोबाइट बंडासाठी (पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याला पुन्हा गादीवर बसवण्यासाठीच्या उठावासाठी) आलेल्या स्पॅनिश शिबंदीवर तोफा डागल्या, किल्ला घेतला आणि पुढील दोन दिवसांत २७ पिंपे बंदुकीची दारू खर्चून तो उडवून दिला. त्यानंतर दोनशे वर्षे तेथे केवळ पडके अवशेष होते. त्यामुळे आजच्या वास्तूला मध्ययुगीन म्हणणे मला अप्रामाणिक वाटते.

प्रतिसाद
आपल्या तपशिलाशी सहमत आहे, निष्कर्षाशी नाही. ‘मूळ’ किल्ला नेमका कोणता मानायचा? तेराव्या शतकातील तटाने बेटाचा बराच भाग वेढला होता. पुढे तो आवळून लहान करण्यात आला, आणि सोळाव्या शतकात पूर्वेला तोफांसाठी नवे बांधकाम झाले. हा किल्ला प्रत्येक पिढीने आपल्या गरजेप्रमाणे बदललेला आहे. १९११ मध्ये बेट विकत घेणारे जॉन मॅक्रे-गिलस्ट्रॅप हे मॅक्रे घराण्याचे होते, आणि याच घराण्याने पूर्वी किंटेल या परिसरातील मॅकेंझी सरदार घराण्याच्या वतीने किल्लेदारी केली होती. मॅक्रे-गिलस्ट्रॅप यांनी केलेली पुनर्बांधणी मला बांधकामाच्या इतिहासातील पुढचे पर्व वाटते.

मूळ लेखकाचे उत्तर
घराण्याची निष्ठा मी मानतो. परंतु आधीचे बदल संरक्षणाच्या गरजेतून झाले, तर विसाव्या शतकातील बदल जुने रूप परत आणण्याच्या इच्छेतून झाले. म्हणून ते रूप अचूक आहे का, हे विचारावेच लागते. लष्करी अभियंते लुईस पेटिट यांनी १७१४ मध्ये, म्हणजे विध्वंसाच्या पाचच वर्षे आधी, किल्ल्याची मोजणी करून आराखडा काढला होता. पुनर्बांधणी मात्र त्याहून कमी अचूक आराखड्यांवर झाली आणि मूळ रचनेपासून अनेक ठिकाणी दूर गेली. कमानींचा पूल तर सर्वस्वी नवा आहे. ज्या पाण्यामुळे ही जागा किल्ल्यासाठी निवडली गेली, त्याचे महत्त्वच या पुलाने झाकले.

दुसरा प्रतिसाद
पुलाबद्दलचा आक्षेप मला पटतो. तरीही पेटिट यांचा आराखडा तेव्हा फारसा कोणाला ठाऊक नव्हता, हे नोंदवायला हवे. उपलब्ध पुराव्यावर काम करणाऱ्यांना अप्रामाणिक ठरवू नये. माझी हरकत वेगळी आहे. नव्या भिंती जुन्या पायांवरच चढवल्यामुळे मध्ययुगीन दगड कोठे संपतो आणि विसाव्या शतकातील कोठे सुरू होतो, हे पाहणाऱ्याला सहज ओळखता येत नाही. ती सीमारेषा भिंतीवरच दिसेल अशी सोय त्या वेळी करता आली असती.