दाढेच्या सुईआधी नाकावाटे दिला जाणारा गॅस उपयोगी पडतो का?

प्रश्न (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

नमस्कार. सोयाबीनच्या सोंगणीत खालची उजवी दाढ ठणकू लागली, म्हणून मी तालुक्याच्या गावी रूट कॅनल करायला गेले. दोनदा इंजेक्शन दिले, ओठ आणि अर्धी जीभ जडही झाली. तरी ड्रिल दाढेला टेकताच अशी कळ गेली की मी डॉक्टरांचा हातच धरला. तेव्हापासून सुई दिसली तरी तळहातांना घाम सुटतो आणि काम अर्धवट राहिले आहे. नागपूरला आधी नाकावाटे गॅस देतात आणि मग सुईचा त्रास होत नाही, असे भाची सांगते. त्यासाठी एवढ्या लांब जाणे योग्य ठरेल का?

उत्तर १ (दंतवैद्य, वर्धा)

ताई, तो तुमच्या मनाचा खेळ नव्हता. दाढेची नस सुजलेली असली की ओठ बधिर होऊनही दाढ बधिर होत नाही, हे आम्ही नेहमी पाहतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अशाच रुग्णांना नायट्रस ऑक्साइडसह (म्हणजे याच गॅससह) इंजेक्शन दिले, तेव्हा निम्म्या रुग्णांचे काम फारशा वेदनेविना झाले. गॅस न मिळालेल्यांत हे प्रमाण २८ टक्के होते. म्हणजे फायदा खरा आहे, पण निम्म्यांना तरीही दुखले, हेही लक्षात ठेवावे. गॅस हा इंजेक्शनला पर्याय नाही. दुखलेच तर दाढेच्या मुळाशी आणखी औषध द्यावे लागते, आणि ते देताना भीती कमी असणे फार मोलाचे असते.

मास्क फक्त नाकावर बसतो. आधी नुसता ऑक्सिजन देतात, मग गॅस हळूहळू वाढवतात. ऑक्सिजन ३० टक्क्यांखाली जाऊ देत नाहीत. दोन-तीन मिनिटांत बोटांना मुंग्या येतात, अंग सैल पडते, पण तुम्ही शुद्धीवर असता आणि बोलू शकता. शेवटी सुमारे पाच मिनिटे पुन्हा ऑक्सिजन देतात. नाक चोंदलेले असेल तर त्या दिवशी जाऊ नका, कारण तोंडाने श्वास घेतल्यास गॅस पोचतच नाही.

उत्तर २ (चंद्रपूर)

माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, म्हणून मी फार घाबरलो होतो. डॉक्टरांनी आधी तिच्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलून घेतले आणि बोटाला ऑक्सिजन मोजणारे यंत्र लावूनच गॅस सुरू केला, कारण अशा मुलांत ऑक्सिजन कमी पडता कामा नये. सुई टोचताना ती पायाची बोटे हलवत छताकडे पाहत होती. एरवी ती खुर्चीवर बसतही नाही. आपल्या भागात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. त्यांनी हा आजार डॉक्टरांपासून लपवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

उत्तर ३ (दंतवैद्य, वर्धा)

यांनी योग्य तेच सांगितले. शिवाय गरोदरपणाचे पहिले तीन महिने, फुप्फुसाचा जुना आजार, डोळ्यात वायू भरून नुकतीच झालेली पडद्याची शस्त्रक्रिया किंवा बी-१२ ची कमतरता असेल, तर आधीच सांगावे. हा गॅस शरीरातील बी-१२ निकामी करतो, त्यामुळे कमतरता असलेल्यांच्या मज्जातंतूंना इजा होऊ शकते.

प्रश्नकर्ती

आभारी आहे, सर. मागच्या वर्षी पायांना मुंग्या येत म्हणून मला बी-१२ ची इंजेक्शने दिली होती. हे मला कोणी विचारले नव्हते आणि मीही सांगितले नसते. आधी रक्त तपासून घेते, मगच नागपूरची तारीख ठरवते.