मदत हवी आहे: शाडेच्या २०११ च्या दौऱ्याची डीव्हीडी

ब्रिटिश गायिका शाडेची (उच्चार हाच, 'सेड' नव्हे!) कोणी चाहती मंडळी आहेत का इथे? २००० च्या 'लव्हर्स रॉक' या स्टुडिओ अल्बमनंतर बाईंनी पुढचा स्टुडिओ अल्बम 'सोल्जर ऑफ लव्ह' थेट २०१० मध्ये काढला आणि पुढच्या वर्षी तो घेऊन जगभर दौरा केला. त्यातल्या कॅलिफोर्नियातल्या कार्यक्रमाचं चित्रीकरण 'ब्रिंग मी होम' नावानं निघालंय. पुढच्या महिन्यात माझा दीर अमेरिकेहून येतोय, त्याला आणायला सांगायचंय. पण तिकडच्या डीव्हीडी रीजन १ च्या, आपल्या ५ च्या (रीजन म्हणजे डीव्हीडी जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल ते ठरवणारा क्रमांक). घरातला प्लेअर जुना आहे, रिमोटवरून रीजन बदलता येतो का? की लॅपटॉपला ड्राइव्ह जोडून बघावं? ब्लू-रे मागवणं सोपं पडेल का? कोणी केलं असेल तर सांगा, प्लीज.