म्युलेनबर्ग फक्त गीतकार नव्हते

विल्यम ऑगस्टस म्युलेनबर्ग (१७९६–१८७७) यांची ओळख बऱ्याचदा ‘भक्तिगीतं लिहिणारे एपिस्कोपल (अमेरिकेतला एक प्रोटेस्टंट पंथ) पाद्री’ एवढीच करून दिली जाते, म्हणून थोडी भर घालतो. न्यूयॉर्कजवळच्या फ्लशिंगला १८२८ पासून त्यांनी मुलांची निवासी शाळा चालवली, ते आहेच. पण मला जास्त भिडतं ते न्यूयॉर्कमधलं काम. तेव्हा चर्चमधले बाकसुद्धा भाड्याने जायचे. पैसेवाले पुढे, गरीब कुठेतरी कोपऱ्यात. म्युलेनबर्गांच्या सिक्स्थ अव्हेन्यूवरच्या चर्चमध्ये मात्र १८४६ पासून एकही बाक भाड्याचा नव्हता. कुणीही यावं, कुठेही बसावं! त्याच वर्षी सेंट ल्यूक या वैद्यांच्या संताच्या सणाला जमलेल्या दानातले निम्मे पैसे त्यांनी इस्पितळासाठी बाजूला काढले. रक्कम किरकोळ, पण सेंट ल्यूक्स हॉस्पिटलची सुरुवात ती. शेवटचा श्वासही त्यांनी तिथेच घेतला.