कॅनडातल्या कॅल्गरीत टोमॅटो लाल होण्याआधीच फ्रॉस्ट (पाणी गोठवणारी थंडी) गाठतो

जुन्नरी_गडी: नमस्कार मंडळी. गाव नारायणगावजवळ, म्हणजे टोमॅटो काय असतो ते मला सांगायला नको. पण इथे झाड छातीला लागतं, फुलं भरपूर येतात आणि निम्मी गळून जातात. धरलेली फळं सप्टेंबरात हिरवीगार. वाण बीफस्टेक. यंदा मेच्या सुरुवातीलाच रोपं बाहेर लावू का? की खत कमी पडतंय?

परसबाग_ताई: दादा, आधी ते बीफस्टेक सोडा. पाकिटावरचे 80-85 दिवस रोप बाहेर लावल्यापासूनचे असतात, तेही हवा उबदार धरून. आपल्याकडे वसंतातला शेवटचा आणि शरदातला पहिला फ्रॉस्ट यांच्या मधे जेमतेम चार महिने, आणि जुलैतही रात्री पारा 10 अंशांपर्यंत उतरतो. 13 च्या खाली परागकण नीट काम करत नाहीत, म्हणून तुमची फुलगळ. खताचा काही संबंध नाही. नत्र जास्त झालं तर नुसता पाला माजेल.

स्टुपित्से किंवा ग्लेशियर ही लवकर पिकणारी वाणं लावा. ओरेगन स्प्रिंगही चांगलं: ओरेगन स्टेट विद्यापीठाचं वाण, थंडीत परागीभवन फसलं तरी फळ धरतं, बी कमी असतं. साराला ठीक. कोशिंबिरीला मात्र माझं मत स्टुपित्सेलाच.

बी मार्चअखेर घरात, दिव्याखाली टाका. बाहेर लावायचं व्हिक्टोरिया डे (मेच्या उत्तरार्धातली सुट्टी) उलटल्यावर, रात्रीचा अंदाज बघूनच. रोपं आठवडाभर रोज थोडा वेळ बाहेर ठेवून काटक करा. लांबुडकी झाली असतील तर खोल खड्डा नको, खाली माती गार असते. बोटभर खोल चर पाडा, खालची पानं खुडा, खोड आडवं निजवा आणि शेंडा तेवढा वर ठेवा. पुरलेल्या खोडाला मुळं फुटतात आणि ती वरच्या उबदार थरात राहतात. शेंडा दोन दिवसांत आपोआप सरळ होतो, काठीला बांधायची घाई करू नका.

लवकरच लावायचं असेल तर नर्सरीत पाण्याच्या नळ्यांचं प्लास्टिकचं कुंपण मिळतं, ते रोपाभोवती उभं करा. दिवसा पाणी तापतं, रात्री ती ऊब रोपाला मिळते. जागा दक्षिणेकडच्या भिंतीलगतची.

डेकवरची_शेती: आणि गारा? मी सगळं मोठ्या कुंड्यांत लावते. काळा ढग दिसला की नवऱ्याला हाक मारायची आणि कुंड्या गॅरेजात! कुंडीतली माती तापतेही लवकर. पाणी मात्र रोज बघावं लागतं.

जुन्नरी_गडी: ताई, आडवं लावायचं पटलं, करतोच. शेवटी हिरवी राहिलीच तर?

परसबाग_ताई: ऑगस्टच्या मध्यावर शेंडे आणि नवी फुलं खुडून टाका, त्यांचं फळ व्हायचं नाही. फ्रॉस्टचा इशारा आला की सगळं उतरवा. पांढुरकी पडलेली फळं कागदावर, घरातल्या साध्या तापमानाला पिकतात. उन्हाची गरज नाही, फ्रीज तर नकोच. गर्द हिरवी राहिलेली भाजून, दाण्याचं कूट आणि लसूण घालून चटणी करा.