रोजच्या जगण्यातले कोणते बदल पर्यावरणासाठी खरोखर उपयोगी ठरतात?

प्रश्न

पर्यावरणाला कमीत कमी झळ पोहोचेल असे राहायचे ठरवले की चहूकडून सल्ले मिळू लागतात: चार्जरचे बटण बंद करा, कापडी पिशवी वापरा, प्लॅस्टिकचा ब्रश टाकून बांबूचा आणा. यांपैकी कशाने मोठा फरक पडतो आणि कशाने फक्त मनाचे समाधान होते, याचा उलगडा मात्र होत नाही. आमच्या घरात नोकरी करणारे दोघे, शाळेत जाणारी मुले आणि वृद्ध आईवडील आहेत. वेळ थोडा आहे आणि घर भाड्याचे असल्याने छतावर सौरपॅनेल बसवणे किंवा बांधकामात फेरफार करणे शक्य नाही. अशा कुटुंबाने सुरुवात कोठून करावी, हे कोणी कारणांसह सांगू शकेल काय?

प्रतिसाद १

वीज वाचवायची म्हटले की आपले लक्ष प्रथम दिव्यांकडे जाते, परंतु घरातील ऊर्जेचा मोठा वाटा काहीतरी तापवण्यात किंवा थंड करण्यात आणि घराबाहेर पडल्यावर वाहन चालवण्यात खर्च होतो. २० लिटर पाण्याचे तापमान २५ अंश सेल्सिअसने वाढवण्यासाठी सुमारे ०.५८ युनिट वीज लागते, आणि तेवढ्याच विजेवर ९ वॅटचा एलईडी दिवा ६४ तास चालू राहू शकतो. म्हणून अंघोळीचे पाणी गरजेपुरतेच तापवणे, कपडे साध्या पाण्यात धुणे, ते उन्हात किंवा वाऱ्यावर वाळवणे आणि स्वयंपाक करताना भांड्यावर झाकण ठेवणे, या गोष्टींकडे मी आधी लक्ष देईन. चार्जरची चिंता आपण खुशाल सोडावी. भार नसताना ०.१ वॅट वीज घेणारा चार्जर वर्षभर तसाच लावून ठेवला, तरी एक युनिटसुद्धा खर्च होत नाही.

वाहनाच्या बाबतीतही असाच हिशेब मांडता येतो. एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास असते, पण ते जळताना त्यातील कार्बनशी हवेतील ऑक्सिजन जोडला जातो आणि सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. इंजिन थंड असताना इंधन अधिक लागते, त्यामुळे अगदी जवळच्या फेऱ्या अंतराच्या मानाने महाग पडतात. त्या पायी किंवा सायकलने केल्या, अथवा दोन-तीन कामे एकाच फेरीत उरकली, तर त्यासाठी घरमालकाला विचारावे लागत नाही.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, परंतु अन्नाचा विषय त्यात यायला हवा होता. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या वर्षात जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील ६० टक्के घराघरांतून गेले. वाया गेलेल्या अन्नाबरोबर ते पिकवण्यासाठी लागलेले पाणी, खत, इंधन आणि माणसांचे कष्ट हेही वाया जातात, आणि मला याचे फार वाईट वाटते. शिवाय कचराभूमीत ढिगाखाली ऑक्सिजन न मिळता अन्न कुजले की त्यातून मिथेन बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या कालावधीचा विचार केला, तर तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा तो साधारण २८ पट अधिक उष्णता अडवतो.

खरेदीला निघण्यापूर्वी घरात काय शिल्लक आहे ते पाहावे, आधी संपवायचे पदार्थ फ्रिजमध्ये पुढच्या बाजूला ठेवावेत आणि उरलेल्याचे खत करावे. मात्र हा क्रम उलटा होऊ देऊ नये, कारण खत झाले तरी ते अन्न पिकवण्याचा खर्च भरून निघत नाही.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. पाणी तापवण्याचा हिशेब माझ्या ध्यानीमनीही नव्हता. भाड्याच्या घरात खत करताना दुर्गंधी येईल अशी आईला शंका आहे. शिवाय कापडी पिशव्या आणि बांबूच्या ब्रशचे काय करावे?

प्रतिसाद ३

आईंची शंका रास्त आहे. खताला दुर्गंधी येते ती बहुतेक वेळा ओलावा जास्त झाल्याने आणि हवा न मिळाल्याने. भोके असलेला डबा किंवा कुंडी घ्यावी, ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर त्याच्या दुप्पट-तिप्पट सुकी पाने किंवा फाडलेला पुठ्ठा पसरावा आणि अधूनमधून सारे खालीवर करावे. तरीही वास आला, तर सुके साहित्य वाढवावे.

पिशवीबाबत इंग्लंडच्या पर्यावरण विभागाने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास लक्षात घेण्याजोगा आहे. एकदाच वापरल्या जाणाऱ्या पातळ प्लॅस्टिक पिशवीपेक्षा हवामानावरील परिणाम कमी ठरण्यासाठी सुती पिशवी किमान १३१ वेळा वापरावी लागते, असे त्यात आढळले. नाल्यात आणि समुद्रात जाणाऱ्या प्लॅस्टिकचा प्रश्न या आकड्यात येत नाही, त्यामुळे कापडी पिशवी निरुपयोगी ठरते असे मुळीच नाही. परंतु घरात आधीच असलेल्या पिशव्या फाटेपर्यंत वापराव्यात आणि नव्या घेऊ नयेत. ब्रशही झिजेपर्यंत वापरावा, मग हवा तर बांबूचा घ्यावा. हेच मोबाइललाही लागू पडते आणि तेथे फरक कितीतरी मोठा असतो, कारण त्याच्या एकूण कार्बन उत्सर्जनाचा बहुतांश भाग तो आपल्या हाती येण्यापूर्वी, कारखान्यातच झालेला असतो. बॅटरी उतरू लागली की नवा फोन घेण्याऐवजी आधी बॅटरी बदलून पाहावी.