मदत हवी आहे: टोर्नेडोचा इशारा आला की आईबाबांना कसं हलवायचं?

आम्ही ओक्लाहोमात राहतो, आईबाबा सध्या इथे आलेत. परवा रात्री सायरन वाजला, तर बाबा दार उघडून आभाळ बघत उभे! काही झालं नाही, त्यामुळे आता ते ऐकतच नाहीत. 10 पैकी साधारण 7 इशारे फुकट जातात, हे खरंय. पण 22 मे 2011 ला मिझुरीतल्या जॉप्लिनमध्ये सायरन ऐकूनही कितीतरी लोक खात्री करत थांबले; दीडशेवर माणसं गेली. हाताशी मिनिटंच असतात हो.

घराला तळघर नाही. मधली बिनखिडकीची बाथरूम आहे, पण बाबांना गुडघ्यांमुळे खाली बसवत नाही. तिथे बुटकं स्टूल चालेल का? हेल्मेट कुणी वापरतं का? आणि तुमच्या घरच्या ज्येष्ठांना कसं पटवलंत?